वेधशाळा आणि वेधशाळेबाहेर : हवामानशास्त्राच्या अभ्यासकांची कार्यक्षेत्रे

शालेय भूगोलाने ‘हवा’ आणि ‘हवामान’ या दोन शब्दांत जो भेद केला आहे, तो मोठ्या कामाचा आहे. एखाद्या ठिकाणी एखाद्या वेळी वातावरणाची जी स्थिती असते ती तेथील हवा, आणि त्याच ठिकाणच्या अनेक वर्षांच्या हवेच्या नोंदींवरून त्या प्रदेशाची जी सरासरी प्रकृती ठरते ते हवामान. व्यवहारात मात्र दोहोंसाठी ‘हवामान’ हाच शब्द रुळला आणि ‘हवामानाचा अंदाज’ म्हणताना उद्या-परवाच्या हवेचाच अंदाज अभिप्रेत असतो. बोलण्यात ही सरमिसळ खपून जाते; परंतु या शास्त्राचे शिक्षण घेऊन पुढे कोणते काम पत्करावे याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने ती सुरुवातीलाच सोडवून घेतलेली बरी. हवेशी निगडित असलेली कामे घड्याळाला बांधलेली असतात, त्यांत रात्रपाळी असते आणि चूक दुसऱ्याच दिवशी उघडी पडते; हवामानाशी निगडित असलेली कामे धरणाची उंची, पुलाची रुंदी किंवा पीकविम्याचा हप्ता ठरवतात आणि त्यांतील चूक कधीकधी एका पिढीनंतर लक्षात येते. कोणत्या प्रकारची जबाबदारी आपल्या स्वभावाला मानवेल, हा प्रश्न म्हणूनच पदवीच्या नावापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

हवामानशास्त्र शिकलेला माणूस म्हणजे पावसाचा अंदाज सांगणारा सरकारी अधिकारी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भारतात दीर्घकाळ ती बहुतांशी खरीही होती, कारण या ज्ञानाचा एकच मोठा मालक होता. आज परिस्थिती बदलली आहे. विमानतळ, द्राक्षबाग, पवनचक्क्यांचे पठार, महानगरपालिकेचा आपत्ती नियंत्रण कक्ष, विमा कंपनी आणि अंटार्क्टिकावरील संशोधनतळ इतक्या परस्परांहून भिन्न ठिकाणी या विषयाची माणसे काम करत आहेत. या सर्वांच्या कामात एक धागा समान आहे : वातावरणाविषयीचा एक आकडा आणि त्या आकड्यावर विसंबून कोणीतरी घ्यायचा निर्णय, या दोहोंमधील अंतर भरून काढणे. निर्णय कोणाचा आणि किती तातडीचा, यावरून नोकरीचे स्वरूप बदलते.

या साऱ्याचा पाया असलेली नोंद कशी घेतली जाते, हे आधी पाहणे योग्य होईल. वेधशाळेच्या मोकळ्या, गवताळ आवारात पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची एक लाकडी पेटी चार पायांवर उभी असते. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. झडपांतून हवा खेळती राहते, परंतु ऊन आणि पाऊस थेट आत शिरत नाहीत, आणि दार उघडताना तापमापकावर सूर्यकिरण पडू नयेत म्हणून आपल्याकडे ते उत्तरेकडे ठेवलेले असते. आत चार तापमापक असतात : एक हवेचे तापमान दाखवणारा, दुसरा ओल्या मलमलीने गुंडाळलेला, आणि उरलेले दोन दिवसातील कमाल व किमान तापमान टिपून ठेवणारे. कोरड्या आणि ओल्या तापमापकांच्या वाचनातील फरकावरून हवेतील बाष्पाचे प्रमाण काढतात, कारण हवा जितकी कोरडी तितके मलमलीतील पाणी वेगाने उडते आणि तो तापमापक तितका अधिक थंड होतो. सकाळी साडेआठच्या ठोक्याला निरीक्षक पर्जन्यमापकातील पाणी मोजतो, आणि वर्तमानपत्रात छापला जाणारा चोवीस तासांचा पाऊस म्हणजे आदल्या दिवशीच्या साडेआठपासून त्या दिवशीच्या साडेआठपर्यंतचा पाऊस होय. जगभरच्या नोंदी एकाच क्षणाच्या असाव्यात म्हणून वेळा ग्रिनिचच्या घड्याळावर ठरलेल्या आहेत. त्यामुळे हायड्रोजन भरलेला फुगा आपल्या देशात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आकाशात सोडावा लागतो. त्या फुग्याला टांगलेले रेडिओसाँड नावाचे छोटे उपकरण वर जाता जाता तापमान, आर्द्रता आणि दाब यांचे संदेश पाठवत राहते. फुगा पार तीस किलोमीटरच्या आसपास पोहोचून, विरळ हवेत फुगत फुगत अखेर फुटतो.

हे काम रुक्ष वाटण्याचा संभव आहे, आणि कित्येक हुशार पदवीधर त्याला कमी लेखतात. तसे करणे चूक आहे. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला तर तेथे अतिवृष्टी झाली असे मानले जाते आणि नुकसानभरपाईचा विचार त्या नोंदीपासून सुरू होतो. पर्जन्यमापक झाडाच्या आडोशाला बसवलेला असेल किंवा त्याच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकलेला असेल, तर ६८ मिलिमीटरच्या जागी ६१ नोंदले जातात आणि शेकडो शेतकऱ्यांचे गणित बदलते. उपकरणे योग्य जागी बसवणे, त्यांचे प्रमाणीकरण करणे, म्हणजे ती खात्रीच्या उपकरणाशी ताडून पाहणे, आणि संशयास्पद आकडे वेगळे काढणे ही स्वतंत्र कौशल्याची कामे आहेत; स्वयंचलित केंद्रांची संख्या वाढत असताना त्यांची गरज कमी न होता वाढलीच आहे. राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे खासगी भागीदारीतून उभारण्यात आली, आणि अशा प्रत्येक केंद्रामागे देखभाल करणारा व आकडे तपासणारा माणूस लागतो.

या क्षेत्रातील सर्वांत मोठी नोकरदाती संस्था अर्थातच भारतीय हवामानशास्त्र विभाग ही आहे. १८७५ साली कोलकात्यात स्थापन झालेल्या या विभागाचे मुख्यालय १९०५ मध्ये शिमल्याला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला हलले. शिमल्याहून आलेले कचेरीचे नाव शिवाजीनगरच्या त्या भव्य दगडी वास्तूला असे चिकटले की पुणेकर आजही त्या चौकाला सिमला ऑफिस चौक म्हणतात. मुख्यालय गेले तरी हवामानविषयक संशोधन व सेवा, कृषी हवामानशास्त्र आणि देशभरच्या जुन्या-नव्या नोंदींचे राष्ट्रीय विदा (डेटा) केंद्र पुण्यातच राहिले, आणि पाषाणला प्रशिक्षण संस्था व भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था असल्याने या विषयाच्या विद्यार्थ्याला पुणे शहर ओलांडून जाणे जवळजवळ अशक्य झाले आहे.

विभागात प्रवेशाच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली वैज्ञानिक साहाय्यक या पदाची : तिच्यासाठी भौतिकशास्त्र किंवा संगणक या विषयांतील पदवी अथवा इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकीची पदविका चालते, भरती कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून होते, आणि हवामानशास्त्र निवडीनंतरच्या प्रशिक्षणात शिकवले जाते. दुसरी वैज्ञानिक श्रेणीची, जिच्यासाठी पदव्युत्तर शिक्षण किंवा अभियांत्रिकी आणि बहुधा संशोधनाचा अनुभव लागतो. पहिल्या वाटेची भरती दरवर्षी होत नाही. २०१७ नंतरची मोठी भरती थेट २०२२ मध्ये निघाली. केवळ त्या एका परीक्षेवर भिस्त ठेवून वर्षे घालवणाऱ्या तरुणांना याची स्पष्ट कल्पना असणे आवश्यक आहे.

अंदाज देणाऱ्या अधिकाऱ्याचे टेबल हे या शास्त्राचे सर्वांना दिसणारे रूप. त्याच्यासमोर उपग्रहाची चित्रे असतात, डॉप्लर रडारवर ढगांतील थेंब रडारच्या दिशेने येत आहेत की दूर जात आहेत हे रंगांत उमटत असते, आणि संगणकीय प्रारूपांचे निष्कर्ष असतात. प्रारूप, ज्याला अभ्यासक सरसकट मॉडेल म्हणतात, ते म्हणजे वातावरणाच्या गतीची व उष्णतेची समीकरणे सोडवणारी आज्ञावली. ती पृथ्वीभोवतीच्या हवेचे लहान लहान चौकटींत विभाजन करून प्रत्येक चौकटीतील पुढची स्थिती काढत जाते. भारताने मे २०२५ मध्ये सेवेत आणलेल्या भारत फोरकास्ट सिस्टिममध्ये ही चौकट सुमारे सहा किलोमीटरची आहे. आरंभीच्या नोंदींतील किरकोळ त्रुटी काही दिवसांत फुगत जाऊन अंदाज भरकटवते, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवले, आणि तेव्हापासून या व्यवसायाला एक नम्रता शिकावी लागली : आरंभस्थितीत जाणीवपूर्वक थोडे थोडे फरक करून तेच प्रारूप अनेकदा चालवायचे, आणि त्यांतील किती निष्कर्ष एकमेकांशी जुळतात त्यावरून खात्री किती बाळगावी ते ठरवायचे. यंत्राने दिलेल्या दहा-वीस शक्यतांमधून पिवळा, नारिंगी की लाल इशारा द्यायचा हे ठरवताना अखेर माणसाचा कस लागतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा; लाल दिला आणि पाऊस आला नाही तर बंद ठेवलेल्या शाळांचा जाब विचारला जातो, आणि दिला नाही तर काय होते हे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा मुंबईने पाहिले.

या कामाचे सार्थक कशात आहे, हे ओडिशाच्या किनाऱ्याने दाखवले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन हे अतितीव्र चक्रीवादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवण्यात आले होते आणि बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, प्रशासन शिकले, आणि वादळ कोठे व केव्हा धडकेल याचा अंदाज इतका नेमका झाला की जिल्हाधिकारी त्यावर विसंबून गावे रिकामी करण्याचा धोका पत्करू शकले. हवामानशास्त्रज्ञाच्या कोणत्याही मोबदल्याची मोजणी करायची तर ती येथून सुरू करावी.

ज्यांना घड्याळाच्या धाकापेक्षा एखाद्या प्रश्नामागे वर्षानुवर्षे लागणे अधिक रुचते, त्यांच्यासाठी संशोधन आहे, आणि येथे प्रवेशाचा खरा परवाना गणित हा आहे. १९०४ साली भारतीय हवामान विभागाचे प्रमुखपद स्वीकारणारे गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणितज्ञ होते. मान्सूनच्या यशापयशाची कारणे शोधताना त्यांनी जगभरच्या नोंदींचा परस्परसंबंध तपासला आणि प्रशांत व हिंदी महासागरांवरील दाब तराजूच्या पारड्यांसारखा वर-खाली होतो हे दाखवून दिले. आज एल निनोविषयी जे बोलले जाते त्याचा एक पाया हा आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या सुलोचना गाडगीळ यांनीही हार्वर्डमध्ये उपयोजित गणितात डॉक्टरेट मिळवली, आणि भारतात परतल्यावर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत व नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मान्सूनचा अभ्यास केला. हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांच्यासह १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा पावसाळ्यात उत्तरेकडे सरकत राहतो हे दाखवले. मान्सून म्हणजे तापलेल्या जमिनीकडे येणारे अवाढव्य खारे वारे, ही पाठ्यपुस्तकी कल्पना त्यामुळे अपुरी ठरली. त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध तर या प्रकरणाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे : अनंतपूर भागातील कोरडवाहू भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलून, पावसाच्या दीर्घ नोंदी तपासून, पेरणी केव्हा केल्यास जोखीम कमी होईल याचा त्यांनी शोध घेतला. समीकरणापासून बांधापर्यंतचा हा प्रवास एकाच व्यक्तीने केला, याचे महत्त्व आजच्या विद्यार्थ्यांपुढे पुरेसे मांडले जात नाही.

संशोधनाची दारे बऱ्याच ठिकाणी उघडतात : पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, नोएडाचे मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचे राष्ट्रीय केंद्र, सागरी अंदाजासाठी हैदराबादचे इन्कॉइस, उपग्रहांच्या विदेसाठी अहमदाबादचे इस्रोचे उपयोजन केंद्र. पदव्युत्तर शिक्षण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाशविज्ञान विभागात, कोचीन व आंध्र विद्यापीठांत आणि दिल्ली, खरगपूर, भुवनेश्वर येथील आयआयटींत मिळते. मात्र संशोधनसंस्थांतील अनेक नेमणुका प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. प्रकल्प संपला की पुढच्याचा शोध सुरू होतो, आणि तिशीपर्यंत स्थैर्य मिळेलच असे नाही. ही वाट निवडणाऱ्याने घरच्यांना हे आधीच समजावून सांगावे.

विमानवाहतुकीचे हवामानशास्त्र हे शिस्तीचे क्षेत्र आहे. विमानतळावरील कार्यालय दर अर्ध्या तासाने धावपट्टीवरील वारा, दृश्यमानता, ढगांची उंची, तापमान, दवबिंदू आणि दाब यांचा सांकेतिक संदेश प्रसृत करते. त्यांतील दाबाचा आकडा वैमानिक उंचीमापकात भरतो, आणि तो एका हेक्टोपास्कलने चुकला तर उंचीच्या वाचनात सुमारे सत्तावीस ते तीस फुटांचा फरक पडतो. धुक्यात किंवा पावसात उतरणाऱ्या विमानाच्या बाबतीत हा फरक किती मोठा आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. हवाई दलाची स्वतंत्र हवामान शाखा असून एएफकॅट परीक्षेद्वारे तेथे अधिकारी होता येते. नौदलाचे अधिकारी कोचीच्या सागरविज्ञान व हवामानशास्त्र विद्यालयात घडतात. हिमस्खलनाचा अंदाज देण्याचे काम चंदीगडची संरक्षण संशोधनसंस्था करते. गोव्यातील वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, आणि त्याच्या मोहिमांतून हवामान विभागाची माणसे अंटार्क्टिकावरील मैत्री तळावर राहून, सुमारे दोन महिन्यांच्या अंधारातही नोंदी घेत असतात.

शेती हे या शास्त्राचे भारतातील सर्वांत जुने आणि सर्वांत अवघड गिऱ्हाईक. १९३२ मध्ये पुण्यात एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्र विभाग सुरू झाला, तेव्हापासून पिकाच्या उंचीवरची हवा आणि वेधशाळेच्या पेटीतली हवा एक नसते हे शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. शेतकऱ्याला जिल्ह्यात ४० मिलिमीटर पाऊस पडणार इतके सांगून भागत नाही. त्याला वाफसा, म्हणजे पेरणीसाठी व मशागतीसाठी जमिनीत योग्य ओल आणि योग्य हवा असण्याची अवस्था, केव्हा येईल हे हवे असते. पहिल्या पावसानंतर दोन आठवड्यांची उघडीप आली तर दुबार पेरणीचे संकट ओढवेल का, हे हवे असते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर छाटणीनंतर वेगळीच चिंता असते. पानावर ओलावा किती तास टिकला यावर केवडा रोगाची, म्हणजे डाऊनी मिल्ड्यूची, लागण ठरते. म्हणून बागेतील लहानशा केंद्रात तापमापकाबरोबर पानाचा ओलेपणा मोजणारी एक पट्टीही असते. रात्री दव पडून पहाटे धुके आले आणि ऊन उशिरा चढले तर पावसाचा एक थेंबही न पडता पाने अनेक तास ओली राहतात. हे जाणणारा सल्लागार औषधाची एखादी फवारणी वाचवतो किंवा वेळेवर करायला लावतो, आणि दोन्ही प्रकारे बागायतदाराचे पैसे वाचतात. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश राहू न देण्याच्या दृष्टीने तर वाचलेली फवारणी अधिक मोलाची असते.

अशा कामासाठी हवामानशास्त्राइतकीच पिकाची जाण लागते. कृषी पदवीधरांना राहुरी, परभणी, दापोली येथील विद्यापीठांच्या यंत्रणेत आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात या विषयाचे शिक्षण व काम उपलब्ध आहे. ग्रामीण कृषी मौसम सेवेच्या क्षेत्रीय केंद्रांमधून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला निघतो. सुमारे दोनशे जिल्ह्यांत त्याहून खालच्या पातळीवरची केंद्रे कृषी विज्ञान केंद्रांमध्ये उघडण्यात आली होती, परंतु २०२४ च्या आरंभी ती बंद करण्याचा निर्णय झाला आणि तेथील कंत्राटी तज्ज्ञांचा रोजगार धोक्यात आला. ज्या देशात निम्म्याहून अधिक गावकऱ्यांचे वर्ष पावसावर ठरते तेथे गावाजवळचा हवामानतज्ज्ञ ही चैन मानली जावी, हे दुर्दैव आहे.

नवीन नोकऱ्या जेथे सर्वाधिक वेगाने निर्माण झाल्या ते क्षेत्र विजेचे. वीज मोठ्या प्रमाणात साठवून ठेवणे महाग असल्याने ज्या क्षणी तिची मागणी असते त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते, आणि म्हणून वीजवाहिन्यांचे व्यवस्थापक दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात. कोळशाचे केंद्र आपण किती वीज देऊ हे आधी सांगू शकते; पवनचक्कीला ते वाऱ्याला विचारावे लागते. साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावर मान्सूनचे वारे आले की पवनचक्क्यांच्या पात्यांना उसंत नसते, आणि ढग सरकताना वाऱ्याचा वेग घटला की निर्मिती त्याच्या कितीतरी पट घटते. त्याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे : वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, आणि वेगाच्या अंदाजात दहा टक्क्यांची चूक झाली तर शक्तीच्या अंदाजात तीस टक्क्यांच्या आसपास चूक होते. पवन व सौर प्रकल्पांनी आपल्या निर्मितीचे वेळापत्रक आगाऊ द्यावे आणि ठरावीक मर्यादेपलीकडे चुकल्यास दंड भरावा, असे नियम केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये केले. त्या दिवसापासून अंदाजातील प्रत्येक टक्क्याला रुपयांत किंमत आली, आणि हवामानशास्त्र, संख्याशास्त्र व आज्ञावलीलेखन या तिन्हींत गती असलेल्या तरुणांना खासगी कंपन्यांत मागणी निर्माण झाली.

या क्षेत्राची पायाभरणी एका स्त्रीने केली आहे, हे येथे नोंदवलेच पाहिजे. १९१८ मध्ये केरळातील पीरमेड येथे जन्मलेल्या अण्णा मणी यांनी बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांवर काम केले, परंतु पदव्युत्तर पदवी नसल्याचे कारण देऊन त्यांना डॉक्टरेट नाकारण्यात आली. पुढे लंडनला हवामान उपकरणांचे शिक्षण घेऊन त्या १९४८ मध्ये पुण्यात हवामान विभागात रुजू झाल्या आणि परदेशातून मागवावी लागणारी उपकरणे भारतात बनावीत म्हणून शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. देशातील सौर किरणांच्या नोंदींचे ग्रंथ त्यांनी सिद्ध केले आणि शेकडो ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजण्याची मोहीम उभी केली. पवनचक्क्या कोठे उभाराव्यात याचा विचार करणारे अभियंते पुढे त्या नोंदींकडे वळले.

विमा, जलवाहतूक, समुद्रातील तेलउत्खनन, मोठी बांधकामे यांनाही हवामानतज्ज्ञ लागतात. पाऊस किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की भरपाई देणारा हवामानाधारित फळपीक विमा जुन्या नोंदींच्या संख्याशास्त्रीय अभ्यासावाचून आखताच येत नाही. शहरांची गरज अलीकडे अधिक जाणवू लागली आहे. मुंबईसाठी २०२० मध्ये सुरू झालेली आयफ्लोज ही पूरइशारा यंत्रणा पाऊस, भरती, नाले आणि जमिनीचा उतार यांचा एकत्र हिशेब करते; अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर, २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा स्वीकारला; पुणे आणि मुंबईत हवेच्या प्रदूषणाचा अंदाज सफर यंत्रणा देते. यांतील कोणत्याही कामाचे पदनाम बहुधा ‘हवामानशास्त्रज्ञ’ असे नसते. जाहिरातीत विदा विश्लेषक, जोखीम सल्लागार किंवा हवामानबदल तज्ज्ञ असे काहीतरी छापलेले असते, आणि ती जागा आपल्यासाठीच आहे हे विद्यार्थ्याने ओळखायचे असते.

तयारीविषयी सांगायचे तर भौतिकशास्त्र व गणित पक्के असल्यावाचून या विषयात फार पुढे जाता येत नाही, आणि पायथनसारख्या संगणकभाषेशिवाय आज कोठेच निभाव लागत नाही. यंत्रबुद्धीवर आधारित प्रारूपे आता पारंपरिक प्रारूपांच्या तोडीचे अंदाज अत्यल्प वेळात देऊ लागली आहेत, त्यामुळे केवळ प्रारूप चालवता येणाऱ्या माणसाचे मोल कमी होत जाईल. प्रारूप कोठे फसते हे ज्याला आपल्या प्रदेशाच्या अनुभवाने कळते, सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस आणि पूर्वेकडे माणदेशाच्या दिशेने झपाट्याने घटत जाणारा पाऊस यांतील भेद ज्याच्या अंगवळणी पडला आहे, त्याचे वाढत जाईल.

आणखी एक कौशल्य अभ्यासक्रमांत क्वचितच शिकवले जाते, ते म्हणजे मातृभाषेत नेमके लिहिण्याचे. हवामान विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या विभागातील एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, असा ठरलेला आहे. हे शब्द पावसाचा विस्तार सांगतात, त्याचा जोर सांगत नाहीत. जोरासाठी वेगळी परिमाणे आहेत : चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. म्हणून ‘तुरळक ठिकाणी अत्यंत मुसळधार’ हा इशारा शास्त्रीयदृष्ट्या चोख असतो. परंतु बोलभाषेत तुरळक म्हणजे थोडेसे, आणि गुरे चरायला घेऊन निघालेला माणूस त्यातला पहिलाच शब्द ऐकतो. ज्या गावांच्या माथ्यावर तो पाऊस कोसळू शकतो त्यांची नावे, नदीच्या पात्राजवळ न थांबण्याची सूचना आणि धोक्याचे तास हे तीन साध्या वाक्यांत, त्या भागातील लोकांना कळतील अशा शब्दांत लिहिणारे अधिकारी आज मोजके आहेत, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात असा एक माणूस हवा आहे.